वृद्धाश्रमातील हेळसांड : दाद कुठे आणि कशी मागायची?

वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये ठेवलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला मारहाण झाली, उपाशी ठेवले, कोंडले, बांधून ठेवले किंवा अंथरुणात तसेच पडू दिले, तर तो केवळ त्या घराचा खासगी प्रश्न राहत नाही. तो फौजदारी गुन्हा असू शकतो, पैसे घेऊन न दिलेली सेवा असू शकते आणि परवान्याच्या अटींचा भंगही असू शकतो. या प्रत्येकासाठी कायद्यात तरतूद आहे. मात्र ती एका कायद्यात नाही. पोलीस ठाणे, ग्राहक आयोग, प्रांत कार्यालय, महापालिकेचा आरोग्य विभाग आणि धर्मादाय कार्यालय अशा पाच-सहा ठिकाणी ती विखुरलेली आहे. त्यामुळे दाद मागायची इच्छा असलेले कुटुंबही बहुतेक वेळा चुकीच्या कार्यालयात खेटे घालते आणि थकून गप्प बसते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न वाढत जाणार आहे. मध्य रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या या शहरांत नोकरदार कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी स्थिरावली. आता त्या पहिल्या पिढीची माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. जी इथेच आहेत, ती सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री परततात. डोंबिवलीतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. खुब्याचे हाड मोडलेली आजी किंवा अर्धांगवायू झालेले आजोबा घरात अडकून पडतात. ब्युरोमार्फत आलेली बाई टिकत नाही. शेवटी केअर सेंटरचा पत्ता शोधला जातो.

या पट्ट्यात अशा संस्था ढोबळमानाने दोन प्रकारच्या दिसतात. टिटवाळा, खडवली, बदलापूर, मुरबाड, शहापूर या बाजूला मोकळ्या जागेत उभे असलेले आश्रम हा एक प्रकार. शहरात भाड्याच्या बंगल्यात, रो-हाऊसमध्ये किंवा शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये चालणारी केअर सेंटर हा दुसरा. पहिल्या प्रकारात चालती-फिरती माणसे अधिक आणि मागे बहुधा एखादा ट्रस्ट असतो. दुसऱ्या प्रकारात अंथरुणाला खिळलेले, नळीने अन्न घेणारे आणि स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण अधिक असतात आणि तो व्यवसाय म्हणून चालतो. यातल्या अनेक संस्था मनापासून काम करतात. पण सगळे त्यांच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, म्हणूनच वाईट संस्थांना कायद्याने गाठणे आवश्यक ठरते.

छळ म्हणजे काय, हेळसांड म्हणजे काय

मारहाण, शिवीगाळ, हात पलंगाला बांधणे, खोलीला बाहेरून कडी लावणे, गुंगीचे औषध देऊन झोपवून ठेवणे, स्त्री-रुग्णाशी गैरवर्तन, पेन्शनचे एटीएम कार्ड काढून घेणे, कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हा उघड छळ होय. हेळसांड त्याहून गुपचूप होते. पाणी कमी दिले की लघवीला कमी वेळा न्यावे लागते, म्हणून पाणीच कमी दिले जाते. डायपर दिवसातून एकदाच बदलला जातो. रक्तदाबाची गोळी राहून जाते. पडल्याचे घरच्यांना कळवले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, वृद्धांच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी मागच्या वर्षभरात आपल्याकडून कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ झाल्याचे मान्य केले आहे. रात्रपाळीला दहा-पंधरा रुग्णांमागे एक मावशी असेल, तर यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. तिला प्रशिक्षण नसते, सुट्टी नसते. म्हणूनच दाद मागताना तिच्या एकटीवर बोट ठेवून चालत नाही. एवढ्या रुग्णांना एवढीच माणसे कुणी ठेवली, हा प्रश्न चालकाला विचारावा लागतो.

हेळसांडीचा सर्वांत बोलका पुरावा शरीरावरच उमटतो. तो म्हणजे शय्याव्रण. डॉक्टर आणि घरचे सगळे त्याला बेडसोरच म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा आणि खांद्याची पाती ही त्याची नेहमीची ठिकाणे. आधी कातडी लाल होते आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नाही. मग कातडी सोलवटते, खड्डा पडतो, खालची चरबी दिसू लागते आणि शेवटी जखम स्नायू व हाडापर्यंत जाते. हे टाळण्यासाठी रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, कातडी कोरडी ठेवावी लागते आणि आहारात पुरेशी प्रथिने द्यावी लागतात. अखेरच्या आजारात चांगली काळजी घेऊनही कधी कधी जखम होते, हे खरे आहे. म्हणून निर्णायक ठरते ती नोंद : किती वाजता कुशीवर वळवले, ड्रेसिंग कधी केले, डॉक्टर कधी येऊन गेले, घरच्यांना कधी कळवले. हाडापर्यंत गेलेली जखम आणि कोरी नोंदवही एकत्र सापडली, तर चालकाला उत्तर देणे अवघड जाते.

परवाना कुणाचा?

दाद मागण्याआधी समोरची संस्था कायद्याच्या दृष्टीने कोण आहे, हे ठरवावे लागते. पहिली अडचण इथेच येते.

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याचे महाराष्ट्रातले नियम 2010 मध्ये झाले. या कायद्याचे कलम 19 वृद्धाश्रमांविषयी आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे ते सांगते. त्यातील दर्जा आणि सेवांचे निकषही शासनाने ठरवायचे आहेत. पण हे निकष शासनाने उभारलेल्या वृद्धाश्रमांपुरते आहेत. खासगी केअर सेंटरने नोंदणी केलीच पाहिजे, अशी सक्ती या कायद्यात नाही. ती आणण्यासाठी डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. त्यात ज्येष्ठांच्या निवासी संस्थांची आणि घरी सेवा पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी, किमान दर्जा आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी नेमलेला अधिकारी अशा तरतुदी होत्या. ते विधेयक मंजूर झाले नाही आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झाले.

मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. एप्रिल 2025 मध्ये कल्याण तालुक्यातील खडवली येथे नोंदणी नसलेल्या एका वसतिगृहातून 29 मुलांची सुटका झाली. मारहाण आणि लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून चालकांवर गुन्हा दाखल झाला. तिथे यंत्रणेच्या हाती बाल न्याय कायदा होता. त्या कायद्यानुसार विनानोंदणी बालगृह चालवणे हाच गुन्हा आहे. कलम 42 खाली त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच परिसरात कुणी नोंदणीविना वृद्धाश्रम चालवला, तर केवळ तेवढ्यावरून त्याला अडवणारा असा थेट कायदा नाही. आधी कुणाला तरी इजा व्हावी लागते.

तरीही संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम 1949 चा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, अशी जागा त्याच्या व्याख्येत शुश्रूषागृह ठरते. केअर सेंटरमध्ये सलाईन लावले जात असेल, नळीने अन्न दिले जात असेल, जखमांचे ड्रेसिंग होत असेल, तर ते या व्याख्येत बसते असे ठामपणे मांडता येते. शहरात नोंदणी आणि तपासणीचे अधिकार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे ठाणे महापालिका किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे आहेत. या कायद्याच्या नियमांत 2021 मध्ये बदल होऊन रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक झाले.

मानसिक आरोग्य कायदा 2017 चा आहे. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभानाच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या सेंटरला या कायद्याखाली नोंदणी लागते, असा दावा करता येतो. कलम 95 ने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. अन्य प्रकारे जखडायचे असल्यास कलम 97 च्या कडक अटी आहेत : तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसावा आणि मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी असावी.

संस्था ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 लागू होतो. तिच्या हिशेबांची आणि कारभाराची चौकशी धर्मादाय कार्यालय कलम 41-ब खाली करू शकते. दोषी विश्वस्ताला कलम 41-ड खाली दूर करता येते. इमारतीला अग्निसुरक्षेचा 2006 चा कायदा लागू होतो. 28 एप्रिल 2021 च्या पहाटे मुंब्र्यातील कौसा भागात एका खासगी रुग्णालयाला आग लागली आणि रुग्णांना हलवताना चार जण दगावले. जिथे उठून चालू न शकणारी माणसे झोपलेली असतात, तिथे अग्निशमन विभागाचा दाखला ही जीवनमरणाची बाब असते.

समोरच्या संस्थेकडे यांपैकी कोणती नोंदणी आहे, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येते. महापालिकेने 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘अशा संस्थेची नोंद आढळत नाही’ हे एका ओळीचे उत्तरही पुढे मोठा पुरावा ठरते.

पहिले दोन दिवस

छळाचा संशय आला की कायद्याआधी माणूस. ज्येष्ठ व्यक्तीला तिथून बाहेर काढणे हे पहिले काम. सेंटरने थकबाकी दाखवून अडवले, तर 112 वर पोलिसांना बोलवावे. बिलापोटी माणूस अडवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तिथून थेट सरकारी किंवा महापालिका रुग्णालय गाठावे : ठाण्यात जिल्हा रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर. तिथल्या डॉक्टरांना ‘वृद्धाश्रमात इजा झाली आहे’ असे स्पष्ट सांगून एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून घ्यावी. जखमेची जागा, सेंटिमीटरमध्ये आकार, जुने-नवे वळ, वजन, शरीरातील पाण्याची कमतरता ही सर्व नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. घरी नेऊन आंघोळ घालून, मलम लावून चार दिवसांनी तक्रार करणारी कुटुंबे आपलाच पुरावा पुसून टाकतात.

फोटो आणि व्हिडिओ काढलेला मोबाईल जपून ठेवावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यासाठी मूळ फाईल लागते. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत तेवढी भक्कम नसते. प्रवेशाचा अर्ज, डिपॉझिटची पावती, दरमहा फी भरल्याच्या यूपीआय नोंदी, औषधांची बिले, सेंटरशी झालेले संदेश हे सगळे एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावावे. रोख पैसे भरले आणि पावती घेतली नाही, ही कुटुंबांची नेहमीची चूक. निदान त्या दिवसाचा बँकेतून पैसे काढल्याचा उतारा जोडावा. शेजारच्या कॉटवरच्या रुग्णांचे नातेवाईक हे उत्तम साक्षीदार असतात, त्यांचे नंबर घेऊन ठेवावेत.

ज्येष्ठ व्यक्ती बोलू शकत असेल तर तिचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे, शक्यतो सेंटरच्या माणसांपासून दूर. ‘म्हातारपणी भ्रम होतो’ असे म्हणून तिची तक्रार झटकली जाते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाही दुखते, भीती वाटते आणि कोण मारते हे बहुधा कळते. पोलिसांसमोर जबाब द्यायला साठीपुढच्या व्यक्तीला पोलीस ठाण्यात जावे लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 179 प्रमाणे तिचा जबाब ती राहते तिथे येऊन घ्यावा लागतो.

पोलीस ठाणे

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचे कलम 357 या विषयासाठीच असावे इतके नेमके आहे. अल्पवय, मनोविकलता, आजार किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे स्वतःच्या गरजा भागवू न शकणाऱ्या व्यक्तीची देखभाल करण्याचा करार केलेल्या माणसाने जाणूनबुजून ती टाळली, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र हा गुन्हा अदखलपात्र आहे. तेवढेच कलम लावले तर पोलीस एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवतात आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही एकाच वर्षाची आहे.

म्हणून घडलेल्या प्रत्येक कृत्याचे नाव फिर्यादीत यायला हवे. कोंडून ठेवले असेल तर कलम 127. तीन दिवस किंवा अधिक कोंडल्यास तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा अधिक कोंडल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हाड मोडले असेल तर गंभीर दुखापतीचे कलम 117, शिक्षा सात वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातला असेल तर कलम 125. पेन्शन किंवा दागिने हडपले असतील तर विश्वासघाताचे कलम 316 किंवा फसवणुकीचे 318.

रुग्ण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दिव्यांग असेल, उदाहरणार्थ पार्किन्सन, अंधत्व किंवा चालण्याचे अपंगत्व, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 92 सर्वांत प्रभावी आहे. आपल्या ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा किमान सहा महिने ते पाच वर्षे आहे. याच कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे कुणीही माहिती देऊ शकतो. दंडाधिकारी सुटकेचा आदेश काढू शकतो. शेजाऱ्यांनी किंवा ज्येष्ठ नागरिक संघांनी हे कलम लक्षात ठेवावे.

हद्दीचा वाद हा पोलीस ठाण्यातला पहिला अडसर. डोंबिवली, मानपाडा, कोळसेवाडी, खडकपाडा ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या कल्याण परिमंडळात येतात. टिटवाळा-खडवलीची बाजू ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. आश्रम खडवलीला, मुलगी डोंबिवलीला, असे असले तरी डोंबिवलीचे पोलीस ‘तिकडे जा’ म्हणू शकत नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेऊन ती पुढे पाठवायची आहे. ही झिरो एफआयआर. परदेशातला मुलगा ईमेलनेही फिर्याद देऊ शकतो, फक्त तीन दिवसांत त्यावर सही व्हायला हवी. फिर्याद नाकारली तर लेखी तक्रार शहरात पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तिथेही काही झाले नाही, तर कलम 175(3) खाली कल्याण किंवा ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून तपासाचा आदेश मिळवता येतो.

ग्राहक आयोग

गुन्ह्याची शिक्षा चालकाला होते. कुटुंबाला भरपाई मिळण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातून जातो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील प्रत्येक त्रुटीला लागू आहे. दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचे, परिचारिका ठेवण्याचे, डॉक्टरांच्या साप्ताहिक भेटीचे आश्वासन देऊन ते पाळले नाही, तर ती सेवेतील त्रुटी होय.

भरलेल्या रकमेवरून आयोगाची पायरी ठरते. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कच नाही. महिना 20 हजार फी दोन वर्षे भरली, तर ती रक्कम 4 लाख 80 हजार होते, म्हणजे तक्रार विनाशुल्क. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. त्यामुळे आश्रम कर्जतला आणि कुटुंब ठाण्यात असेल, तरी ठाण्यात दाद मागता येते. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सनेही मागता येते. रुग्णाचे निधन झाले असेल तर वारस तक्रार करू शकतात.

विनामूल्य आश्रमांचा प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात एक सूत्र घालून दिले. सगळ्यांनाच मोफत सेवा असेल तर ग्राहक कायदा लागू होत नाही. काहींकडून पैसे आणि काहींना मोफत असेल, तर मोफत सेवा घेणाराही ग्राहक ठरतो. तो निकाल वैद्यकीय सेवेचा होता. हेच सूत्र अंशतः फी घेणाऱ्या आश्रमांच्या बाबतीत मांडता येते.

प्रवेशाच्या अर्जावर खाली बारीक अक्षरात एक वाक्य हमखास असते : रुग्णाचे काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. त्यावर सही केली म्हणून अनेक कुटुंबे तक्रारच करत नाहीत. या वाक्याने फौजदारी गुन्हा पुसला जात नाही आणि कबूल केलेली काळजी घेण्याची जबाबदारीही सुटत नाही. डिपॉझिट जप्त करण्याची एकतर्फी अटही आयोगापुढे आव्हान देण्याजोगी आहे.

प्रांत कार्यालय आणि मालमत्तेचा प्रश्न

2007 च्या कायद्याखालील न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते. ते मुलांना आणि वारस नातेवाइकांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत चरितार्थ देण्याचा आदेश देते. अर्ज ज्येष्ठ व्यक्ती स्वतः, तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत.

केअर सेंटरने नीट काळजी घ्यावी, असा आदेश या न्यायाधिकरणाकडून मागता येत नाही, कारण त्याचा रोख कुटुंबावर आहे. पण दोन बाबतींत ते उपयोगी आहे. एक, आई-वडिलांना आश्रमात सोडून मुलांनी फी भरणे बंद केले आणि त्यामुळे हाल सुरू झाले, तर मुलांवर आदेश मिळतो. कायमचे टाकून देण्याच्या हेतूने ज्येष्ठाला कुठेही सोडून जाणे हा कलम 24 खाली दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. दोन, ‘शेवटपर्यंत सांभाळतो’ या अटीवर घर किंवा ठेव लिहून घेतली आणि नंतर सांभाळ केला नाही, तर कलम 23 खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो. घेणारा मुलगा असो, पुतण्या असो किंवा आश्रम, कलमाची भाषा सर्वांना सारखी आहे. अशी अट होती हे मात्र दिसावे लागते. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने उदारपणे लावावा, असे स्पष्ट केले.

मृत्यू झाला असेल तर

सर्वांत जास्त प्रकरणे इथे संपतात. पहाटे सेंटरचा फोन येतो. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दाखला दिलेला असतो आणि दुपारपर्यंत अंत्यविधी उरकलेला असतो. आठवड्याने कपड्यांच्या पिशवीत न दिलेल्या गोळ्यांची पाकिटे सापडतात किंवा शेजारच्या रुग्णाचा नातेवाईक काही सांगतो. तोवर शवविच्छेदनाची वेळ गेलेली असते.

अंगावर वळ, खोल जखमा किंवा न पटणारे कारण दिसले तर अंत्यविधी थांबवून पोलिसांना कळवणे हा कुटुंबाचा अधिकार आहे. पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा आणि शवविच्छेदन करतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपी डॉक्टर असेल तर 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे आधी तज्ज्ञ डॉक्टरांचे मत घ्यावे लागते. दु:खाच्या त्या घटकेला हा निर्णय फार जड असतो. पण तो त्याच दिवशी घ्यावा लागतो.

अडथळे आणि मदत

तक्रार न होण्यामागे कायद्याच्या अज्ञानापेक्षा अपराधी भावना मोठी असते. ‘आम्हीच ठेवले, आता कुणाला बोलणार’ आणि ‘लोक काय म्हणतील’ ही दोन वाक्ये चालकांच्या पथ्यावर पडतात. दुसरी भीती व्यावहारिक असते : तक्रार केली तर उद्या आईला ठेवायचे कुठे? जिल्ह्यात तातडीने हलवता येईल अशी खात्रीची सरकारी जागा मिळणे कठीण आहे, आणि ही उणीव शासनाची आहे. तिसरी अडचण वेळेची. ग्राहक आयोगाने तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षे लांबतात. ऐंशीतल्या तक्रारदाराला तेवढा काळ हाती नसतो. म्हणून पहिल्याच तारखेला त्याच्या वयाचा दाखला देऊन सुनावणी लवकर घेण्याचा लेखी अर्ज करावा.

मोफत वकिलासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि कल्याणची तालुका समिती आहे, हेल्पलाइन 15100. महिला आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आणि ग्राहकांसाठी 1915 आहे. तक्रार करूनही महापालिका किंवा पोलीस हलले नाहीत, तर एका वर्षाच्या आत राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येते आणि उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते. 13 डिसेंबर 2018 च्या अश्वनी कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठांचे आरोग्य, निवारा आणि सन्मान हे घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचे भाग असल्याचे मानले आहे.

कायद्यात काय हवे

जून 2025 मध्ये नोएडातील एका आश्रमावर महिला आयोगाच्या पथकाने छापा टाकला, तेव्हा सुमारे 40 वृद्ध कुलूपबंद खोल्यांत सापडले. काहींचे हात बांधलेले होते. त्यांच्या कुटुंबांकडून पैसे घेतले जात होते. ही गोष्ट बाहेर आली ती समाजमाध्यमांवर पसरलेल्या एका व्हिडिओमुळे. कुठल्याही नियमित तपासणीत ती सापडली नव्हती.

इतर देशांनी असे प्रकार भोगूनच कायदे केले. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या नर्सिंग होममधील रहिवाशांना हक्क दिले आणि अचानक तपासणी बंधनकारक केली. इंग्लंडमध्ये 2009 पासून केअर क्वालिटी कमिशन प्रत्येक केअर होमची नोंदणी आणि तपासणी करते, अहवाल सर्वांना वाचायला मिळतो. तिथे 2015 च्या कायद्याने काळजीवाहकाकडून होणारा छळ आणि जाणूनबुजून केलेली हेळसांड हा वेगळा गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. आपल्या कलम 357 मध्ये त्यासाठी तीन महिने आहेत.

महाराष्ट्राला केंद्राच्या नव्या विधेयकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांच्या इमारतींसाठी निकष घालून दिले : लिफ्ट, रॅम्प, दरवाज्यांची रुंदी. दरवाज्याची रुंदी ठरवता येते तर रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती माणसे हवीत, हेही ठरवता येईल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी शुश्रूषागृह कायद्याचा आधार घेऊन आपापल्या हद्दीतील प्रत्येक केअर सेंटरची यादी करावी, ती संकेतस्थळावर लावावी आणि न कळवता तपासणी करावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, आदेश पुरेसा आहे.

तोवर ही तपासणी कुटुंबांनाच करावी लागेल. आई-वडिलांना कुठे ठेवायचे झाले तर आधी नोंदणीचा कागद मागावा, प्रत्येक पैशाची पावती घ्यावी, भेटीची वेळ न पाळता अवेळी जावे, पांघरूण बाजूला करून पाठ आणि टाचा पाहाव्यात. काही गैर दिसले तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी, आणि आपला माणूस तिथून बाहेर काढल्यावरही ती मागे घेऊ नये, कारण शेजारच्या कॉटवरचा माणूस अजून तिथेच असतो.